नव्ह शापेल : एका फ्रेंच खेड्याची आणि त्याच्या वेशीवरच्या भारतीय स्मारकाची पार्श्वभूमी

उत्तर फ्रान्समध्ये लील शहराच्या पश्चिमेला, बेत्यून आणि आर्मांतिएर यांच्या मधल्या सपाट शेतजमिनीत नव्ह शापेल हे हजार-दीड हजार वस्तीचे गाव आहे. विटांची नीटनेटकी घरे, चर्च आणि आजूबाजूची शेते एवढेच पाहून परतणाऱ्याला हे गाव शतकानुशतके असेच असावे असे वाटेल; वास्तविक इथे दिसणारी जवळजवळ प्रत्येक भिंत 1918 नंतरची आहे. पहिल्या महायुद्धात हे गाव मुळापासून उद्ध्वस्त झाले आणि त्याच्या वेशीवर भारतीय सैनिकांचे जे स्मारक आज उभे आहे, त्याची जागा या विध्वंसाच्या क्रमातूनच ठरली.

ऑक्टोबर 1914 मध्ये जर्मन आणि ब्रिटिश सैन्ये एकमेकांना बगल देत समुद्राच्या दिशेने सरकत होती आणि या भागात ब्रिटिशांकडे माणसे अपुरी पडत होती. त्याच सुमारास, 26 सप्टेंबरपासून, भारतीय कोअरचे (कोअर म्हणजे काही डिव्हिजनांचे मिळून बनलेले मोठे सैन्यदल) सैनिक दक्षिण फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरू लागले होते. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजनांची ही कोअर लेफ्टनंट जनरल सर जेम्स विलकॉक्स यांच्या हाताखाली होती. बरेच जवान हिंदुस्थानातल्या हवेसाठी शिवलेल्या सुती गणवेशातच आले होते, आणि त्यांना मिळालेल्या मोर्च्याच्या जमिनीत हातभर खणले तरी पाणी लागत असे. त्यामुळे या भागात खंदक पुरेसे खोल खणता येत नसत. मातीच्या पोत्यांचे बांध जमिनीवर रचून आडोसा करावा लागे.

या गावाशी महाराष्ट्राचा संबंध येतो तो 28 ऑक्टोबर 1914 रोजी. जर्मनांनी घेतलेले गाव परत मिळवण्यासाठी त्या दिवशी 47व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या 3ऱ्या सॅपर्स अँड मायनर्स दलाच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या हल्ल्यात उतरवण्यात आल्या. पूल बांधणे, सुरुंग पेरणे, वाटा मोकळ्या करणे हे ज्यांचे काम, त्यांना संगिनी लावून पायदळासारखे पुढे धाडले गेले. घराघरांतून हातघाईची लढाई करत ते गावात शिरलेही. पण मागून कुमक आली नाही, जर्मनांनी प्रतिहल्ला केला आणि सगळ्यांना माघार घ्यावी लागली. हल्ल्यात उतरलेल्या 289 शिखांपैकी शेवटी 68 जण एकत्र जमले. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांचे बहुतेक सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. वर्षानुवर्षे शिकवून तयार केलेले तंत्रकुशल सैनिक एका दुपारी असे खर्ची घालणे ही चूक होती, आणि त्या दिवसाच्या शौर्याची कितीही वाखाणणी केली तरी ती झाकली जात नाही.

गावाचे नाव मात्र इतिहासात रुजले ते 10 ते 13 मार्च 1915 च्या लढाईने. पश्चिम आघाडीवर ब्रिटिशांनी स्वतः आखलेली ही पहिली मोठी चढाई होती. विमानांतून छायाचित्रे घेऊन शत्रूच्या खंदकांचे नकाशे तयार केले गेले, सुमारे 340 तोफा एकवटल्या गेल्या आणि 10 मार्चला सकाळी साडेसातपासून 35 मिनिटे भडिमार झाला. उत्तरेकडून ब्रिटिश दले आणि दक्षिणेकडून मेरठ डिव्हिजनची गढवाल ब्रिगेड पुढे सरकली, आणि गाव सकाळीच हाती आले. घोटाळा झाला तो त्यानंतर. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, मागच्या मुख्यालयातून आदेश यायला तासन्‌तास लागलेले आणि एकमेकांची वाट पाहत थांबलेल्या तुकड्या, अशा अवस्थेत दुपार निघून गेली. तेवढ्यात जर्मनांनी मागची फळी बळकट केली. ज्या ओबेरच्या चढासाठी हा सगळा खटाटोप होता, तो भोवतालच्या सपाटीहून थोड्याच मीटरांनी उंच आहे. तो शेवटपर्यंत हाती आला नाही. उजव्या टोकाला 39व्या गढवाल रायफल्सची पहिली बटालियन दिशा चुकून न तुटलेल्या काटेरी तारांवर जाऊन आदळली. दुसऱ्या बटालियनचे रायफलमन गबर सिंह नेगी खंदकात सर्वांत पुढे राहून लढताना मारले गेले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ब्रिटिश बाजूची एकूण हानी साडेअकरा हजारांच्या आसपास झाली आणि त्यांत सुमारे 4,200 जण भारतीय कोअरचे होते.

1915 च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, नेण्यात आले. तिथे तुर्कांनी कूत गावाला घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि त्यांच्या सुटकेच्या, अखेर फसलेल्या, प्रयत्नांत फ्रान्समधून आलेल्या याच डिव्हिजना लढल्या. मराठा पलटणी नव्ह शापेलला नव्हत्या. घरातल्या कुणा पूर्वजाचे नाव शोधायला इथे येणाऱ्या मराठी माणसाने हे आधीच लक्षात घेतलेले बरे. पुढे 9 एप्रिल 1918 रोजी जर्मनांच्या लिस नदीकाठच्या मोठ्या हल्ल्याचा घाव इथे तैनात असलेल्या पोर्तुगीज डिव्हिजनवर पडला. या गावाजवळची, तोफगोळ्यांनी हातपाय तुटलेली ख्रिस्तमूर्ती 1958 मध्ये पोर्तुगालला देण्यात आली आणि ती आता तिथल्या बाताल्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे.

स्मारकासाठी गावाबाहेरचा, ला बासेहून एस्तेरला जाणाऱ्या रस्त्यावरचा चौक निवडला गेला. ब्रिटिश सैनिक त्याला पोर्ट आर्थर म्हणत आणि 1915 च्या चढाईत भारतीय फळीचे उजवे टोक तिथेच होते. आराखडा सर हर्बर्ट बेकर यांचा, शिल्पकाम चार्ल्स व्हीलर यांचे. वर्तुळाकार आवाराची पुढची अर्धी भिंत दगडी जाळीची असून ती बौद्ध स्तूपाभोवतीच्या कठड्याची आठवण करून देते, तर मागच्या अर्ध्या भरीव भिंतीवर नावे कोरलेली आहेत. सुमारे 15 मीटर उंचीच्या स्तंभाच्या माथ्यावर कमळ आहे, त्याच्यावर ब्रिटिश राजमुकुट, आणि पायथ्याशी दोन वाघ. साम्राज्याला हिंदुस्थान कसा दाखवायचा होता, ते या रचनेत स्पष्ट दिसते. 7 ऑक्टोबर 1927 रोजी ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांनी अनावरण केले, तेव्हा फ्रेंच सेनानी मार्शल फॉश आणि कपूरथळ्याचे महाराज उपस्थित होते. भिंतीवर 4,700 हून अधिक नावे आहेत. ती सगळी अशांची आहेत ज्यांची कबर वा दहनाची जागा माहीत नाही, आणि त्यांत गबर सिंहांचेही नाव आहे.

1964 मध्ये इथे आणखी एक कांस्यफलक बसवला गेला. जर्मनीत युद्धकैदी म्हणून मेलेल्या आणि झेरेन्सडॉर्फला पुरलेल्या 210 अविभक्त भारतीयांची नावे त्यावर आहेत, कारण ते दफनस्थान तेव्हा पूर्व जर्मनीत होते आणि त्याची देखभाल अशक्य झाली होती. 2023 मध्ये युनेस्कोने पश्चिम आघाडीवरील दफनस्थळे आणि स्मारके जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत या चौकातले भारतीय स्मारक आणि जवळचे पोर्तुगीज दफनस्थान दोन्ही आहेत. कागदोपत्री ही दोन्ही ठिकाणे शेजारच्या रिशबूर गावाच्या हद्दीत येतात, म्हणून नकाशात शोधताना ते नाव टाकलेले सोयीचे पडते.