निळी पाठ फोटोत काळी का येते?

केनिया-टांझानियात सुपर्ब स्टार्लिंग शोधावा लागत नाही. हा साळुंकीच्याच कुळातला पक्षी, माणसाला तितकाच न बुजणारा. सफारीतल्या डबा खायच्या जागी तो थेट टेबलाखाली येतो (पावाचे तुकडे टाकू नका). लांबी जेमतेम 18-19 सेंटीमीटर. डोकं काळं, पाठ चमकदार निळी-हिरवी, पोट तांबूस आणि छातीवर पांढरी पट्टी.

इतक्या जवळ येऊनही फोटो फसतो. पोट झकास येतं, पाठ मात्र डांबरासारखी. पोटाचा तांबूस रंग रंगद्रव्याचा, कुठूनही पाहा, तांबूसच. पाठीचा निळा तसा नाही. पिसांच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे सूक्ष्म कण थरांनी रचलेले असतात. त्या थरांवरून परतलेल्या प्रकाशलहरींपैकी निळ्या-हिरव्या तेवढ्या एकमेकींना बळ देतात, तेही ठरावीक कोनातून. कोन चुकला की उरतो तो मेलॅनिनचा काळेपणा.

म्हणून ऊन आपल्या पाठीशी हवं. आपली सावली पक्ष्याच्या दिशेला पडेल अशी गाडी लावायला चालकाला सांगा आणि इंजिन बंद करायला लावा, नाहीतर त्याची थरथर लेन्सपर्यंत पोचते. सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते. मग महागडी लेन्सही काही करू शकत नाही. बसलेल्या पक्ष्याला 1/1000 सेकंदाचा शटर स्पीड पुरे, उडत्याला 1/2500. चौकटभर गडद पक्षी दिसला की कॅमेरा फोटो उजळ करू पाहतो, त्यात छातीची पट्टी जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक उरते. एक्स्पोजर (फोटोला मिळणारा प्रकाश) 0.3 ते 0.7 स्टॉप कमी ठेवा; स्टॉप हे त्याचं माप. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल-हिरवा-निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, कारण निळा आधी उतू जातो.

दक्षिण केनिया आणि उत्तर टांझानियात हिल्डेब्रँट स्टार्लिंग हमखास चकवतो. त्याचे डोळे लाल-नारिंगी, पांढरी पट्टी नाही. सुपर्बचे डोळे फिकट पांढरट; पण त्याच्या पिल्लांचे गडद असतात, पट्टीही पुसट. अशा वेळी शेपटीखाली बघावं: पांढरं असेल तर सुपर्ब, तांबूस असेल तर हिल्डेब्रँट.

कॅमेऱ्यात डोळा असला तरी कान उघडे ठेवा. हा पक्षी शिकारी पक्ष्यासाठी एक आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरी, अशा वेगळ्या इशाऱ्याच्या हाका देतो. केनियातल्या अंबोसेलीत रॉबर्ट सेफार्थ आणि डोरोथी चेनी या संशोधकांनी या हाकांचं ध्वनिमुद्रण वर्व्हेट माकडांना ऐकवलं, तेव्हा माकडांनी दोन्हींतला फरक ओळखला. तेव्हा थवा एकदम कलकलला, तर स्टार्लिंग सोडून आधी आभाळाकडे आणि मग झुडपांकडे बघा.