डार्विन यांचे हुकर यांना पत्र (१८४४)

चार्ल्स डार्विन यांनी ११ जानेवारी १८४४ रोजी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हुकर यांना स्वहस्ते लिहिलेले पत्र. जीवजाती अढळ नसतात, हे आपले मत त्यांनी त्यात उघड केले. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा त्यांचा ग्रंथ ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध व्हायला तेव्हा जवळजवळ सोळा वर्षे अवकाश होता. मूळ पत्र केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

डार्विन त्या वेळी ३४ वर्षांचे होते आणि केंटमधील डाउन या गावी राहत होते. २६ वर्षांचे हुकर नुकतेच जेम्स रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेवरून परतले होते. डार्विन यांनी गालापागोस बेटांवर जमवलेल्या वनस्पती त्यांच्याकडे अभ्यासासाठी आल्या आणि पत्रव्यवहार सुरू झाला. ओळख इतकी नवी, की मायना अजून ‘माय डिअर सर’ असाच आहे.

जीवजाती अढळ नाहीत असे म्हणणे ‘खुनाची कबुली देण्यासारखे’ आहे, हे कंसातले शब्द सर्वत्र उद्धृत होतात. त्याआधीचा मजकूर मात्र फारसा कोणी वाचत नाही, आणि तो वाचायलाच हवा. डार्विन विचारतात: गालापागोस, सेंट हेलेना, न्यूझीलंड अशा मोठे चतुष्पाद प्राणी नसलेल्या बेटांवरच्या खास वनस्पतींपैकी कुणाच्या बियांना आकडे असतात का? असे आकडे जनावरांच्या लोकरीत अडकून बी दूरवर नेण्यासाठी असतात. जनावरेच नसतील तिथे त्यांचा उपयोग काय? ‘ओरिजिन’मध्ये याचे उत्तर सापडते. असे बी दुसऱ्या एखाद्या मार्गाने बेटावर पोचते, वनस्पती हळूहळू बदलून वेगळी जाती होते, पण निरुपयोगी झालेले आकडे मागे राहतात. म्हणजे साध्या वाटणाऱ्या या चौकशीत सिद्धान्त आधीच कामाला लागला होता.

पुढे डार्विन सांगतात, की शेती आणि बागकामावरची ढीगभर पुस्तके आपण वाचून काढली आहेत. जीवांमध्ये प्रगत होत जाण्याची उपजत ओढ असते असे मानणारे आधीचे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांच्या ‘प्रगतीच्या ओढी’पासून देव वाचवो, असेही ते लिहितात. हे वाचून तुम्ही कण्हाल, असल्या माणसाला पत्रे लिहिण्यात वेळ दवडला असे म्हणाल, ही धास्तीही ते लपवत नाहीत.

हुकर यांचे २९ जानेवारीचे उत्तर समंजस आहे. जाती हळूहळू बदलल्या असतील. हा बदल कसा घडला असावा याबद्दलचे तुमचे मत ऐकायला आवडेल, असे त्यांनी कळवले. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि स्वतंत्रपणे त्याच सिद्धान्तापर्यंत पोचलेले निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस यांचे या विषयावरचे लेखन वाचले गेले. ते तिथे सादर करणाऱ्या दोघांपैकी एक हुकर होते. दुसरे भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल.