गुरुजींच्या ताणापासून सुरुवात करू

शरीरावर ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, आणि ते लाळेतून मोजता येतं. कॅनडातल्या संशोधकांनी चौथी ते सातवीच्या चारशेवर मुलांची सकाळची लाळ तपासली आणि त्यांच्या वर्गशिक्षकांना कामाचा किती शीण आला आहे, तेही विचारलं. २०१६ साली निष्कर्ष आला: शिक्षक जितके थकलेले, तितकं त्यांच्या वर्गातल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त. कुणाचा ताण कुणाकडे गेला, हे यावरून ठरवता येत नाही. पण मुलांचं आणि शिक्षकांचं स्वास्थ्य वेगवेगळं काढता येत नाही, हे कळतं.

आता यवतमाळकडची एखादी दोनशिक्षकी शाळा पाहा. वर्ग चार, शिक्षक दोन, त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. खिचडीची माहिती मोबाइलवर भरायला रेंज मिळेना, म्हणून सर पटांगणातल्या कडुनिंबाखाली उभे. आत तिसरीची पोरं हातच्याच्या वजाबाकीत अडलेली. कापूस वेचणीच्या दिवसांत पटावरची निम्मी पोरं कुठं गेली, याचंही उत्तर सरांनीच द्यायचं. अशा माणसाला ‘मुलांना आनंदी ठेवा’ असं आणखी एक परिपत्रक पाठवणं मला क्रूर वाटतं.

अभ्यासासोबत मनाचं स्वास्थ्यही जपायला शिकवायचं, या ‘सकारात्मक शिक्षणा’चा गाजलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग ग्रामर शाळेत २००८ मध्ये सुरू झाला. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या चमूनं तिथं आधी सुमारे शंभर कर्मचाऱ्यांना नऊ दिवस शिकवलं. मुलांची पाळी नंतर. ती श्रीमंत निवासी शाळा, तिची बरोबरी आपण करू शकत नाही. क्रम मात्र उचलता येतो.

आपल्याला जवळचा पुरावा बिहारचा आहे. ‘सेहर’ या प्रयोगात ७४ माध्यमिक शाळा होत्या. परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, अडलेल्या मुलाशी एकट्यानं बोलणं, असा कार्यक्रम. काही शाळांत तो शिक्षकांनी राबवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी. आठ महिन्यांनी समुपदेशकांच्या शाळांत नववीच्या मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत फरकच दिसला नाही. यात शिक्षकांचा आळस शोधू नये; आधीच भरलेल्या वेळापत्रकात हे काम मावत नाही, असं मी समजतो.

म्हणून दर केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक असा समुपदेशक हवा. आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, अर्धा तास शिक्षकांनी फक्त आपल्या अडचणी बोलाव्यात, केंद्रप्रमुखांनी त्या ऐकाव्यात. त्या वेळात कुठलीही माहिती मागू नये.