पथ्यालाही मात्रा असते

मधुमेहाच्या कुठल्याही चिठ्ठीवर औषधं कशी लिहिलेली असतात ते पाहा. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, ३ महिने. त्याखाली जागा उरली असेल तर एक ओळ असते: 'गोड बंद, भात कमी, रोज चालणे.' गोळीची मात्रा ठरलेली, वेळ ठरलेली, मुदतही ठरलेली. पथ्याचं यातलं काहीच ठरलेलं नाही. भात कमी म्हणजे किती कमी, किती दिवस, त्यानं शुगर किती उतरायला हवी आणि नाही उतरली तर पुढे काय करायचं, हे कुणी सांगत नाही. पेशंटही विचारत नाही. पुढच्या खेपेला रिपोर्ट वाढलेला येतो आणि 'तुम्ही पथ्य पाळत नाही' म्हणून खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं.

हे मला फार अन्यायाचं वाटतं. आहार औषधाइतकाच मोजूनमापून दिला, त्याच्या मागे लागून तपासत राहिलं, तर काय घडतं याचा पुरावा आता भक्कम आहे.

त्यातला सर्वांत बोलका पुरावा ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या चाचणीचा. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी ती केली आणि २०१७च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जागा. ही चाचणी बड्या संशोधन रुग्णालयात झाली नाही. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ४९ साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत, तिथल्याच नर्स आणि आहारतज्ज्ञांनी ती पार पाडली. सहभागी झालेले सुमारे ३०० जण जाड होते, त्यांचा टाइप २ मधुमेह ६ वर्षांच्या आतला होता आणि त्यांना इन्सुलिन चालू नव्हतं. त्यातल्या निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या. ३ महिने, काहींना ५ महिने, त्यांना रोज साधारण ८५० कॅलरींची सूप आणि शेक एवढंच दिलं. मग हळूहळू घरचं जेवण सुरू केलं आणि पुढे दर महिन्याला दवाखान्यात बोलावून वजन-शुगर पाहत राहिले.

वर्षाअखेर यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह रेमिशनमध्ये होता, म्हणजे एकही गोळी न घेता त्यांचं एचबीए१सी, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ६.५च्या खाली होतं. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात तर ते ८६ टक्क्यांवर गेलं. औषधाची मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, अगदी तसंच.

असं का होतं, याचं उत्तर यकृतात आहे. गरजेपेक्षा जास्त खाणं वर्षानुवर्षं चालू राहिलं आणि कातडीखाली चरबी साठवायची जागा संपली की ती यकृतात साचू लागते. चरबीनं भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. रात्री काहीच न खाताही सकाळी उपाशीपोटीची शुगर १६० का येते, हा प्रश्न घरोघरी पडतो. त्याचं कारण हेच. यकृत हीच जादा चरबी रक्तावाटे बाहेरही पाठवतं. तिचा काही भाग स्वादुपिंडात जाऊन बसतो आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मंदावतात. इन्सुलिन कमी पडलं की शुगर आणखी चढते. टेलर यांनी २००८ साली ही दुहेरी दुष्टचक्राची कल्पना मांडली आणि २०११ साली ती ११ पेशंटांवर पारखली. रोज ६०० कॅलरी, ८ आठवडे. उपाशीपोटीची शुगर पहिल्या ७ दिवसांतच १६५च्या आसपासवरून १०६वर आली, कारण एवढ्यातच यकृतातली चरबी जवळपास ३० टक्क्यांनी घटली होती. स्वादुपिंडाला सावरायला मात्र पूर्ण ८ आठवडे लागले. म्हणूनच आठ दिवस कडक पथ्य करून 'काही फरक पडला नाही' म्हणणं जितकं घाईचं, तितकंच आठ दिवसांत शुगर उतरली म्हणून 'बरा झालो' म्हणणंही.

इथे आपल्याकडचे पुष्कळ लोक म्हणतात, 'पण मी जाड कुठे आहे?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यात शोधला गेला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार, ही ठेवण आपल्यात जन्मापासून असते. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळंसुद्धा ब्रिटिश बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, पण त्या मानानं चरबी राखून असलेली दिसली. याचा व्यवहारातला अर्थ असा की आपल्या लोकांना १५ किलो उतरवायची गरज बहुतेकदा नसतेच. टेलर यांच्याच गटानं पुढे बीएमआय २७च्या आत असलेल्या २० मधुमेहींवर हा उपचार केला. सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्यावर त्यांतले १४ जण रेमिशनमध्ये गेले. ६५ किलोच्या माणसाला हे साडेसहा किलो होतात. चिठ्ठीवर लिहिता येईल असा हा आकडा आहे.

आता आपल्या ताटाकडे येऊ, कारण सूप आणि शेकवर तीन महिने काढणं आपल्याकडे थोड्यांनाच जमेल आणि परवडेल. मधुमेह झाला की घरात पहिला बदल होतो तो पोळीच्या जागी भाकरी. 'भाकरी चालते' हे इतकं रुळलंय की ती मोजायचीच नसते असं लोक धरून चालतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं ६५ ते ७० ग्रॅम असतात. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. मध्यम भाकरीला ५० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. तेव्हा दोन पोळ्या सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याच्या पोटात पूर्वीपेक्षा जास्तच पिष्ट जातं. ज्वारीत तंतू जास्त, ती पोटाला धरून राहते, हे खरं आणि चांगलं. पण तिचा फायदा मिळतो तो तीनाऐवजी एक खाल्ली आणि उरलेली जागा पिठल्यानं, उसळीनं, पालेभाजीनं, अंड्या-माशानं भरली तरच. २०२२ साली आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीतल्या १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून जे गणित मांडलं गेलं, तेही हेच सांगतं: रेमिशनसाठी एकूण कॅलरींपैकी कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा १९-२० टक्क्यांपर्यंत न्यावा. आपल्या नेहमीच्या जेवणात कर्बोदकांचा वाटा ६० टक्क्यांच्या वर असतो. वरण पातळ आणि भात ढीगभर, ही सवय उलटी करायची आहे.

जेवणाचा क्रमही कामाला येतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल या वैद्यकीय महाविद्यालयात ११ मधुमेहींना तेच जेवण दोनदा दिलं. एकदा ब्रेड आधी, एकदा भाजी आणि चिकन आधी. भाजी-चिकन आधी खाल्ल्यावर तासाभरानं शुगर ३७ टक्क्यांनी कमी आढळली. आपल्या ताटात कोशिंबीर आणि उसळ आधी संपवणं याला काही खर्च नाही. जेवल्यावर १० मिनिटं चालण्याचंही तसंच, कारण चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात दिवसातून एकदाच ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालणं सरस ठरलं, आणि सर्वाधिक फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला.

उच्च रक्तदाबातही हाच न्याय. १९९७च्या 'डॅश' चाचणीत मीठ आणि वजन दोन्ही जैसे थे ठेवून फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं आणि एकूण स्निग्धांश कमी केला, तर उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा ११ अंकांनी उतरला.

पण आहार जर औषधाइतका प्रभावी असेल, तर तो औषधाइतकाच जपून द्यायला हवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कुणी व्हिडिओ पाहून एकाएकी भात-पोळी बंद केली, तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांवर कर्बोदकं फारच तोडली तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर भरपूर फळं-भाज्यांतलं किंवा 'लो सोडियम' मिठातलं पोटॅशियम हृदयाला त्रास देऊ शकतं. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद करणं जिवावर बेततं. म्हणून आहार बदलायच्या आधी गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवायची आणि कोणती गोळी कधी कमी करायची हे ठरवून घ्यायचं. गोळी कमी करणं हेही गोळी सुरू करण्याइतकंच डॉक्टरांचं काम आहे.

प्रत्येकाला रेमिशन मिळत नाही. मधुमेह जुना असेल, बीटा पेशी थकलेल्या असतील, तर शक्यता कमी होत जाते. मिळालेलं टिकवणंही अवघड असतं: 'डायरेक्ट'मध्ये २ वर्षांनी ३६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते, आणि पुढे ५ वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. तरीही याच ५ वर्षांत आहाराच्या गटात गंभीर आजारपणं दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी झाली, ही गोष्ट माझ्या लेखी रेमिशनच्या आकड्याहून मोठी आहे. ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही, फक्त सीमारेषेवर आहेत, त्यांच्यासाठी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६च्या अभ्यासात आहार-व्यायामानं मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिननं २६.४ टक्क्यांनी. आहाराच्या गटात वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला.

वजन परत वाढू लागलं तर काय करायचं, हेही 'डायरेक्ट'मध्ये आधीच लिहून ठेवलेलं होतं. २ किलोच्या वर वाढ दिसली की वाट न पाहता काही आठवडे पुन्हा शेकचा आधार, आणि कुणीही रागावायचं नाही. रेमिशनमध्ये असलेल्यानंही एचबीए१सी वर्षातून किमान एकदा करायचं, डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पाय तपासत राहायचं. पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली की खालची ती ओळ डॉक्टरांकडून पूर्ण लिहून घ्या: वजन किती किलो उतरवायचं, किती आठवड्यांत, एका जेवणात भाकरी किती, कोणती गोळी कधी कमी करायची आणि पुन्हा भेटायचं कोणत्या तारखेला.