१९५० चा विश्वचषक आणि अनवाणी पायांची दंतकथा

दर फुटबॉल विश्वचषकाला ही गोष्ट नव्याने फिरते: फिफाने अनवाणी खेळायला बंदी घातली, म्हणून भारत १९५० साली ब्राझीलला गेला नाही. ऐकायला झकास, पण खरी नव्हे. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपिन्स यांनी माघार घेतल्याने भारताला जागा आयती मिळाली होती. यजमान प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायलाही तयार होते! आपल्याच फुटबॉल महासंघाने सरावाला अपुरा वेळ, संघनिवडीतले मतभेद अशी कारणं पुढे केली. ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची त्यांना मातब्बरीच वाटत नव्हती. अनवाणी पायांचं कारण म्हणजे मागाहून केलेली सारवासारव, असं खुद्द शैलेन मन्ना सांगत. गेला असता तर संघाचे कर्णधार तेच असते. बुटांची सक्ती झाली ती १९५२ मध्ये, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ल्यावर.