अर्धशिशीची रोजची गोळी: ‘दोन द्या’ म्हणण्याआधी वाचा

‘डोकं धरलंय, प्रोप्रॅनोलॉलच्या दोन गोळ्या द्या.’ आमच्या काउंटरवर ही मागणी सारखी येते. आम्ही देत नाही, ग्राहक चिडतात, समजावून सांगेपर्यंत मागे चारजण ताटकळतात. म्हणून हा कागद छापला आहे. अर्धशिशीसाठी, म्हणजे मायग्रेनसाठी, ज्यांची रोजची गोळी चालू आहे त्यांच्या पिशवीत आम्ही तो टाकतोच.

अर्धशिशीच्या गोळ्या दोन प्रकारच्या असतात. पॅरासिटामॉल, नॅप्रोक्सेन, सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान या डोके उठल्यावर घ्यायच्या. प्रोप्रॅनोलॉल मात्र डोके उठूच नये म्हणून रोज घ्यायची गोळी आहे. उठलेले डोके ती बसवत नाही. पावसाळ्याआधी छप्पर शाकारतात, गळायला लागल्यावर नव्हे, तसेच हे. दुखेल त्या दिवशी दोन गोळ्या घेऊन दुखणे थांबत तर नाहीच, वर नाडी मंदावते, चक्कर येते आणि ‘गोळी बाधली’ म्हणून लोक औषध कायमचे सोडून देतात. गोळी वाईट नसते, घेण्याची पद्धत चुकलेली असते.

रोज घेतली तरी गुण यायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करून तो हळूहळू वाढवतात आणि दोन-तीन महिन्यांनी औषध लागू पडले की नाही ते ठरवतात. महिन्यात आठ वेळा उठणारे डोके चारवर आले, तर वैद्यकीय भाषेत तो चांगला गुण. हे कळण्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, डोके दुखलेल्या दिवशी फुली मारा आणि वेदनाशामक घेतली असेल तर फुलीला गोल करा. हे पान डॉक्टरांना दाखवले की ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. गोल मोजणेही महत्त्वाचे आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान) किंवा मिश्र वेदनाशामके (एकाच गोळीत दोन-तीन औषधे असलेली) १० किंवा अधिक दिवस, अशा महिनोन्‌महिने घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. वेदनाशामके विकून आमचा गल्ला भरतो, तरी हे सांगतो.

‘मला बीपी नाही, मग बीपीची गोळी का?’

घरी जाऊन मोबाइलवर नाव शोधले, प्रोप्रॅनोलॉल बीपीची गोळी निघाली, की हा प्रश्न पडतो आणि आम्हाला फोन येतो. डॉक्टर चुकलेले नाहीत, आम्हीही चुकीची स्ट्रिप दिलेली नाही. प्रोप्रॅनोलॉल मुळात हृदयासाठी निघाले. छातीत कळ येणाऱ्या रुग्णांवर त्याचा अभ्यास चालू असताना त्यातल्या एकाची अर्धशिशी कमी झाल्याचे १९६६ मध्ये नोंदले गेले आणि पुढे ते त्यासाठीही वापरात आले. टोपिरामेट फिट्सचे, अ‍ॅमिट्रिप्टिलिन नैराश्याचे, पण अर्धशिशीसाठी दोन्ही दिली जातात. त्यामुळे ‘मला वेड लागलंय का?’ असे विचारत दुकानात येऊ नका, निदान रांगेत उभे राहून तरी नको.

प्रोप्रॅनोलॉलने सुरुवातीला थकवा येतो, जिना चढताना पाय जड वाटतात, हातपाय गार पडतात, झटकन उठले की गरगरते, काहींना चित्रविचित्र स्वप्ने पडतात. बऱ्याच जणांचे हे हळूहळू कमी होते. नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, घेरी आली, धाप लागली किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. दमा असलेल्यांना ही गोळी चालत नाही. लहानपणी दमा होता, आता पंप क्वचितच लागतो, एवढे असले तरी आधी सांगा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर उतरल्यावर होणारी थरथर आणि धडधड या गोळीमुळे जाणवत नाही. घाम मात्र येतो, तेव्हा अचानक घाम फुटला तर साखर तपासा.

आता सर्वांत महागात पडणारी गोष्ट: गोळी मध्येच बंद करणे. श्रावण आणि नवरात्र आले की आमच्याकडच्या नोंदीत बरोबर खंड दिसतो. उपवासाला गोळी चालत नाही, हा समज कुठून आला देव जाणे. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत असेल, तर तो साबुदाण्याच्या खिचडीनेही मोडायला हवा. उलट उपाशी पोटी डोके हमखास उठते, त्यात गोळी एकदम थांबवली की नाडी उसळते, धडधड सुरू होते, आणि हृदयविकार असलेल्यांच्या ते जिवावर बेतू शकते. बंद करायची तर डॉक्टर काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करून देतात. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली गोळी सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम नकोत. लाँग अ‍ॅक्टिंग गोळी, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी, चावू नका, कुटू नका.

अर्धशिशीच्या रोजच्या इतर औषधांचे थोडक्यात: फ्लुनारिझिनने झोप येते, वजन वाढते, मन खिन्न होऊ शकते, वयस्कर माणसांना कंप येऊ शकतो. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो म्हणून पाणी भरपूर प्या. अचानक डोळा दुखून दिसायला अंधुक झाले तर लगेच दाखवा. बाळाचा विचार असेल तर टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट (हेही फिट्सचेच औषध) यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

आम्ही दर वेळी चिठ्ठी मागतो, त्याचा राग येतो हे ठाऊक आहे. ही शेड्यूल एचमधली औषधे आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. शिवाय प्रोप्रॅनोलॉल आणि फ्लुनारिझिन एकत्र असलेल्या कॅप्सूलही मिळतात. एका डॉक्टरांनी ती आणि दुसऱ्यांनी साधी प्रोप्रॅनोलॉल दिलेली असेल, तर दुहेरी डोस चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावरच दिसतो. रिझाट्रिप्टानही चालू असेल तर प्रोप्रॅनोलॉलबरोबर तिचा डोस कमी ठेवावा लागतो, म्हणून तीही चिठ्ठी आणा.

नियमित ग्राहकांचे बीपी आणि नाडी आम्ही काउंटरवर मोफत मोजून चिठ्ठीमागे लिहून देतो. महिन्याच्या गोळ्या एकदम घेतल्यास घरपोच देतो आणि संपण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण करतो. कापलेली स्ट्रिप परत घेत नाही. कापतानाही बॅच नंबर आणि एक्स्पायरीची बाजू तुमच्याकडे राहील असे बघतो, ती बाजू शेवटपर्यंत टाकू नका. गावाला जाताना किंवा दिवाळीत दवाखाने बंद होण्याआधी, आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच कळवा. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असते.