पेंट प्रोटेक्शन फिल्म : विदर्भाच्या उन्हात स्पोर्ट्स कारसाठी निवड

पेंट प्रोटेक्शन फिल्म, बोलण्यात पीपीएफ, म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची पारदर्शक अन् रबरासारखी ताणली जाणारी फिल्म. गिट्टीचे टवके, बाभळीच्या फांद्यांचे ओरखडे, पाखरांची विष्ठा, रात्री बोनेटवर आपटणारे किडे यांचा मार रंगाऐवजी फिल्मनं खायचा, एवढंच तिचं काम. गावाकडं तिला सरळ पन्नी म्हणतात, "गाडीले पन्नी मारली का?" असं विचारतात, पण पन्नी म्हटलं की काचेची काळी फिल्मही त्यातच येते अन् नव्या गाडीवर कंपनीतून चिकटून येणारं प्लास्टिकही, म्हणून इथं फिल्म हाच शब्द ठेवलाय. पोस्टातल्या पीपीएफ खात्याशी तिचा संबंध नाही. अमेरिकेत तिला क्लिअर ब्रा असंही म्हणतात, कारण त्याआधी गाडीच्या तोंडावर रेक्झिनचा काळा मुखवटा बांधायची पद्धत होती अन् त्या मुखवट्याला ब्रा म्हणत.

उगम

फिल्मचा उगम सांगताना बहुतेक ठिकाणी व्हिएतनाम युद्ध येतं. हेलिकॉप्टरच्या पात्यांची पुढची कड धूळ-वाळूच्या माऱ्यानं खरवडून निघायची, तिच्यावर लावायला अमेरिकी सैन्याला पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकची, चिवट टेप हवी होती, ती थ्रीएम कंपनीनं दिली, मग ती टेप रेसिंगच्या गाड्यांच्या नाकावर गेली अन् तिथून घरच्या गाड्यांवर आली, अशी ही गोष्ट आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, कुणी काळ साठच्या दशकाचा धरतो, कुणी सत्तरच्या. गोष्टीचा गाभा मात्र पटण्यासारखा आहे, कारण विमानाच्या कडांसाठीची पॉलियुरेथेन टेप थ्रीएम आजही विकते अन् सायकलवाले फ्रेमवर लावायच्या तशाच टेपला हेलिकॉप्टर टेपच म्हणतात.

दुसरं मत असं, की ती टेप अन् आजची फिल्म एकाच घराण्यातल्या असल्या तरी एकच वस्तू नव्हेत. जुनी टेप जाड होती, बंपरच्या दोन्हीकडं वळणाऱ्या गोलाईवर नीट बसत नव्हती अन् उन्हात पिवळी पडायची. पात्याच्या कडेला पिवळेपणानं काही बिघडत नाही, पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर सगळंच बिघडतं. म्हणून उन्हात न पिवळणारं पॉलियुरेथेन, पातळ फिल्म अन् काढता येईल असा गोंद हे तिन्ही एकत्र आले तिथून, म्हणजे साधारण १९९० च्या आसपासपासून, गाडीच्या फिल्मचा इतिहास मोजावा असं हे मत सांगतं. विदर्भातल्या वाचकाला हेच मत जास्त उपयोगाचं वाटतं, कारण इथं फिल्मची खरी परीक्षा ऊनच घेतं. पॉलियुरेथेन स्वतः बरंच जुनं, जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेलं.

थर आणि रसायन

कारखान्यातून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअरकोट, ४०-५० मायक्रॉनचा. फिल्म बहुतेक वेळा १५० ते २५० मायक्रॉन, म्हणजे रंगापेक्षाही जाड. दुकानात "आठ मिल" म्हणतात ते सुमारे २०० मायक्रॉन, एक मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन. फिल्मच्या वर पातळ टॉपकोट, मध्ये पॉलियुरेथेन, खाली दाबल्यावर चिकटणारा अ‍ॅक्रिलिक गोंद अन् त्याखाली लावताना काढून टाकायचा कागद.

मधला थर टीपीयूचा, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा असायला पाहिजे, पण टीपीयूही दोन जातींचं असतं अन् इथंच गिऱ्हाईक फसतं. ज्याच्या रेणूत बेंझिनसारखी वलयं असतात ते अ‍ॅरोमॅटिक, ते स्वस्त अन् मजबूत असतं, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्या वलयांची रचना बदलून रंग धरणारे गट तयार होतात अन् फिल्म आतूनच पिवळी होत जाते, हा पिवळेपणा धुऊन जात नाही. ज्यात ती वलयं नसतात ते अ‍ॅलिफॅटिक, ते महाग, पण उन्हात बरंच टिकतं. त्यातही रेणूंच्या साखळीचा मऊ भाग कशाचा आहे यानं फरक पडतो. पॉलिएस्टर असेल तर ओलाव्यानं हळूहळू तुटतो, पॉलिइथर ओलाव्याला दाद देत नाही पण ऊन-हवेला तेवढा पक्का नसतो, म्हणून चांगल्या फिल्मांत पॉलिकॅप्रोलॅक्टोन पसंत करतात, ते दोन्हींच्या मधलं. चार महिने पावसाची दमट हवा अन् पुढं मे महिन्यात ४५-४६ अंश असलं हवामान असलेल्या मुलखात ही बारीकशी गोष्ट फार मोठी ठरते.

टीपीयूच्या नावाखाली पीव्हीसीचीही फिल्म विकतात, कधी टीपीएच असं नाव देऊन. पीव्हीसी मऊ ठेवायला त्यात प्लॅस्टिसायझर घालावा लागतो, तो उष्णतेनं बाहेर येत राहतो, मग फिल्म कडक होते, चिरते अन् काढताना तुकड्यातुकड्यानं निघते. ओळखायला साधा उपाय म्हणजे तुकडा ताणून सोडायचा, टीपीयू जवळजवळ पूर्ण मागं येतं, पीव्हीसी ताणलेलंच राहतं. पक्की खात्री हवी असेल तर बाइलस्टाइन चाचणी आहे, अन् तिला लागणारं सामान तालुक्याच्या कुठल्याही मोटारपंप वाइंडिंगच्या दुकानात सापडतं. तांब्याची जाड तार घ्यायची, तिचं वार्निश ज्योतीत पूर्ण जाळून टाकायचं, ज्योतीला कसलाच हिरवा रंग येईनासा झाला की ती लाल तापलेली तार कागद काढलेल्या फिल्मच्या नखाएवढ्या तुकड्यावर टेकवायची अन् पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत ठसठशीत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून करावं, धूर विषारी असतो.

आपोआप भरून येणाऱ्या ओरखड्यांची, म्हणजे सेल्फ हीलिंगची करामत टॉपकोटची असते. बारीक ओरखड्यात त्याचा पदार्थ खरवडून जात नाही, नुसता दबतो, अन् उष्णता मिळाली की जाळीदार साखळ्या आपल्या मूळ आकारात परत येतात. इथल्या उन्हाळ्यात त्यासाठी गरम पाणी लागत नाही, दुपारी गाडी अंगणात उभी केली की बोनेट तापून काम होऊन जातं. गिट्टीनं पडलेलं भोक मात्र भरत नाही.

विदर्भात निवड

स्पोर्ट्स कारचं अंग खाली, बंपरची ओठाळी जमिनीला टेकायला आलेली, टायर रुंद अन् चिकट. असे टायर खडी उचलून मागच्या मडगार्डवर फेकतात, म्हणून पोर्शे ९११ च्या फुगीर मागच्या मडगार्डवर चाकाच्या पुढं कारखान्यातूनच संरक्षक पट्टी लावलेली येते. पैसे कमी असतील तर बंपर, बोनेट, पुढची मडगार्डं, आरशांची कव्हरं, दरवाजाखालची पट्टी अन् मागच्या चाकापुढचा भाग एवढं आधी करावं, छत राहिलं तरी चालतं.

बहुतेक जण फिल्म निवडताना मायक्रॉन विचारतात अन् जितकी जाड तितकी चांगली असं धरून चालतात. इथं ते खरं नाही. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा, समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा त्या वेगानं बंपरवर येतो तेव्हा जाडीचा फायदा होतो, मान्य. पण जाड फिल्म बंपरच्या दुहेरी गोलाईवर जास्त ताणून बसवावी लागते, अन् ताणलेली फिल्म उन्हात मागं ओढ घेते, मग कड उठते. उठलेल्या कडेत काळी माती शिरते. आपली काळी माती पाण्यानं फुगणारी अन् मैद्यासारखी बारीक, एकदा ती गोंदाला चिकटली की बोटानं निघत नाही, पांढऱ्या गाडीवर पावसाळ्यानंतर दरवाजाच्या कडेनं पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसते ती हीच. म्हणून इथं निवडताना पहिला प्रश्न कडा आत वळवून देणार का, दुसरा फिल्म अ‍ॅलिफॅटिक आहे का, अन् मायक्रॉन त्यानंतर.

प्रत्येक भागाचं दुखणं वेगळं. वणी, घुग्घुस, चंद्रपूर या कोळशाच्या पट्ट्यात टिप्परमागं चालताना काळी धूळ बसते, ती कोरड्या फडक्यानं पुसली की बारीक ओरखड्यांचं जाळं होतं, तिथं टॉपकोट चांगला पाहिजे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे वेगळाच त्रास, तिथलं पाणी गाडीवर वाळलं की पांढरे डाग उरतात अन् ऊन लागून ते फिल्ममध्ये मुरतात, तिथं पाणी टिकू न देणारा टॉपकोट घ्यावा अन् गाडी साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यानं धुवावी. पांदण रस्त्यानं शेतापर्यंत गाडी नेणाऱ्यानं दरवाजांवरही फिल्म घ्यावी, तुरीच्या वाळल्या फांद्या अन् बाभळीचे काटे बरोबर तिथंच घासतात.

सिरॅमिक कोटिंगशी, म्हणजे रंगावर चोळून लावायच्या द्रवाच्या थराशी, तुलना नेहमी होते. कोटिंग काही मायक्रॉनचंच असतं, चकाकी देतं, धुणं सोपं करतं, दगड अडवत नाही.

बसवणं

फिल्म ओल्यातच बसवतात. बेबी शाम्पूचे थेंब टाकलेल्या पाण्यावर ती तरंगते, हव्या जागी सरकवता येते, मग कडेला अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारून चिकटवतात अन् रबरी पट्टीनं मधून बाहेर पाणी काढतात. कारागीर आरशाच्या कव्हरवर अंगठ्यानं फिल्म ताणतो, क्षणभर थांबतो, अन् सुटणारी सुरकुती वाफेनं बसवतो, त्या थांबण्यातच त्याचा हात कळतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे करू नये, पाणी उडून जातं, गोंद आधीच धरतो अन् लू बरोबर आलेली धूळ आत अडकते. नागपूरला बंद, थंड खोलीत किंवा मग दिवाळीनंतर गार दिवसांत करावं. पहिले काही दिवस फिल्मखाली पाण्याचे फुगे दिसतात, ते टीपीयूतून उडून जातात, घाबरून सुईनं टोचू नये. आठवडाभर गाडी धुऊ नये.

प्लॉटरवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, कापलेला तयार साचा असेल तर गाडीवर ब्लेड चालत नाही, पण कडा उघड्या राहतात, अन् हातानं कापणारा कडा आत वळवतो पण ब्लेड रंगाला लागायची भीती असते. वर सांगितलेल्या मातीमुळं इथं चांगल्या हाताचं हातकाम बरं.

निगा

दसऱ्याला गाडीची पूजा होतेच अन् व्हावी. हळदीचा पिवळा रंग टॉपकोटमध्ये मुरतो, बोनेटवर बोटानं काढलेला स्वस्तिक दुसऱ्या दिवशी धुतला तरी फिकट पिवळा दिसत राहतो, तेव्हा मालक कासावीस होतो अन् थिनर घेतो. थिनर घेऊ नये. हळदीतलं कर्क्युमिन उजेडानं विरतं, गाडी काही दिवस उन्हात ठेवली की डाग उतरतो. आजकालच्या कुंकवात कृत्रिम रंग असतात, ते असे जात नाहीत, म्हणून कुंकू नंबर प्लेटवर किंवा काचेवर लावावं. झेंडूचा हार तारेनं बांधला असेल तर तार फिल्मला टेकू देऊ नये.

डिझेलच्या फडक्यानं गाडी चमकवायची सवय सोडावी लागते, त्यानं कडेचा गोंद मऊ पडतो. मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली अन् फुलं पडली तर संध्याकाळीच धुवावी.

काढणं आणि नोंदणी

कारखान्यात पत्र्यावरचा रंग साधारण १४० अंशांवर भाजलेला असतो, त्यावरची फिल्म गरम करून हळू ओढली तर रंग निघत नाही. गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग साधारण ६० अंशांवर वाळवतात, तो फिल्मबरोबर उपटून येऊ शकतो, म्हणून अपघातातून दुरुस्त झालेली गाडी असेल तर आधीच सांगावं अन् नव्या रंगावर निदान महिनाभर फिल्म लावू नये. वॉरंटी पिवळेपणा, चिरणं अन् गोंद सुटणं यांची असते, दगडानं फाटलं तर नाही, अन् कार्डावर रोलचा नंबर लिहून घ्यावा.

पारदर्शक फिल्मला आरटीओकडे काही करावं लागत नाही. रंगीत फिल्मनं गाडीचा रंगच बदलला तर आरसीवरचा रंग जुळत नाही, तेव्हा आधी आरटीओत विचारावं. काचेवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये घातलेल्या बंदीचा या फिल्मशी संबंध नाही, ती पत्र्यावर लागते.